वस्तीतलं मुलांचं वाचनालय : सतरंजी, दोरी आणि दीडशे पुस्तकं

नवी मंडळी वाचनालयाची सुरुवात जागेपासून करतात आणि जागा शोधण्यातच सहा महिने घालवतात. जागा नंतर बघू. आधी वस्तीतल्या मुलांचा दिवस समजून घ्या. शाळा सकाळची की दुपारची, नळाला पाणी किती वाजता येतं, धाकट्या भावंडाला कोण सांभाळतं, शिकवणीला किती जण जातात, आठवडी बाजाराचा वार कोणता. वहीच्या एका पानावर सात वार आखून हे मांडलं की दीड तासाची एखादी मोकळी फट दिसतेच. तशा दोन संध्याकाळी निवडा आणि वर्षभर बदलू नका.

नळाची वेळ उगाच नाही लिहिली. पाणी साडेपाचला येत असेल आणि वाचनालय पाच ते साडेसहा असेल, तर साडेपाचला मुली उठून जाणार. महिनाभरात सतरंजीवर फक्त मुलगे उरतात आणि मग ‘मुलींना वाचायची आवडच नाही’ असं बिनधास्त बोललं जातं. त्याच मुली कडेवर भावंडं घेऊन येतात. त्यांना दारातून परत पाठवू नका. कोपऱ्यात एक गोधडी, चार लाकडी ठोकळे आणि जाड पुठ्ठ्याची चार पुस्तकं ठेवली की ताईही बसते आणि तान्हंही.

यात नवं काही नाही. बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आज सरकारी पाटीवर दिसणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामातून आलेला आहे. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा भरली, कारण गुरं सोडून ती पोरं येऊ शकत नव्हती.

नाव काय द्यायचं

पाटीवर ‘शाळा’ हा शब्द नको. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. उगाच कुणाला चौकशीला निमित्त देऊ नका. वाचनालय, पुस्तकघर, वाचनकट्टा, काहीही चालेल. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खालची मान्यता सरकारी अनुदान हवं असेल तरच लागते. ती घेतली की अ, ब, क, ड वर्ग, ठरावीक नोंदवह्या, तपासण्या हे सगळं मागोमाग येतं. पहिली दोन वर्षं तरी त्या वाटेला जाऊ नये, असं आमचं मत.

अजून एक खुलासा. सरकारी कागदांत ‘अनौपचारिक शिक्षण’ म्हणजे शाळा सुटलेल्या मुलांचे वर्ग. १९७९-८० पासून केंद्राची तशी योजनाच होती. इथे चाललंय ते त्याहून सैल आहे. अभ्यासक्रम नाही, सक्ती नाही, परीक्षा नाही, पण कुणीतरी विचार करून मांडामांड केलेली आहे. बीएडच्या पुस्तकांत याला सहज शिक्षण म्हणतात. सहज मुलांसाठी, आपल्यासाठी नव्हे.

जागा आणि सामान

समाजमंदिर, देवळाचा ओटा, बुद्धविहार, अंगणवाडीची खोली, कुणाची गच्ची, यांतलं काहीही चालतं. डोक्यावर छप्पर, एक दिवा आणि जवळ स्वच्छतागृह एवढं बघा. तिथे येताना सगळ्या घरांतल्या मुलांना मोकळं वाटतं का, हे मात्र जरूर बघा. एका गटाच्या देवळात दुसऱ्या गटाची पोरं येत नाहीत, आणि कारण कुणी तोंडाने सांगत नाही.

सामान थोडंच लागतं. दोन मोठ्या सतरंज्या, झाकणाची एक पत्र्याची पेटी, सहा मीटर नायलॉनची दोरी, कपड्यांचे दोन डझन चिमटे, एक जाड रजिस्टर, पुठ्ठ्याची कार्डं. पेटीखाली चार विटा ठेवा, नाहीतर वाळवी आणि ओल पहिल्याच पावसाळ्यात आत शिरतात. पेटीत डांबरगोळ्या टाकू नका. लहान मुलं त्या तोंडात घालतात. सुकवलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत ठेवला तरी कसर कमी होते. जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांतून एकदा पुस्तकं पंख्याखाली उभी, पानं फाकवून ठेवा. उन्हात वाळवली तर मुखपृष्ठं वाकडी होतात आणि रंग उडतो.

पुस्तकं कपाटात कणा दाखवून लावायची सवय मोडा. पाच वर्षांच्या मुलाला कणा वाचता येत नाही, तो चित्र बघून पुस्तक उचलतो. दोरी मुलांच्या छातीच्या उंचीवर ताणा आणि पातळ पुस्तकं मधलं पान उघडून दोरीवर घोड्यासारखी बसवा. तीन मीटर दोरीवर बारा ते पंधरा पुस्तकं राहतात, त्याहून जास्त झाली की दोरी मधे झोळते आणि सगळी घसरून एकावर एक येतात. जाड पुस्तकं सतरंजीवर, मुखपृष्ठ वर.

पुस्तकं

तीस-चाळीस मुलांना सुरुवातीला दीडशे वेगवेगळी पुस्तकं पुरतात. साधारण वाटणी अशी: साठ चित्रपुस्तकं, ज्यांत पानावर एक-दोन ओळी आहेत, चाळीस छोट्या गोष्टी, वीस माहितीची, म्हणजे प्राणी, यंत्रं, शरीर, आकाश, अकरा वर्षांपुढच्यांसाठी पंधरा जरा लांब कथा-कादंबऱ्या, दहा बडबडगीतं, कविता, कोडी, आणि पाच नकाशे-शब्दकोशाच्या जातीची. पातळ चित्रपुस्तक साधारण पन्नास ते सव्वाशे रुपयांना पडतं, तेव्हा बारा-पंधरा हजारांची तयारी ठेवा. सगळी एकदम घेऊ नका. आधी नव्वद घ्या, दोन महिने बघा कशावर उड्या पडतात, मग उरलेली साठ. चाळीस मुलांची आवड घरी बसून ओळखणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, एकलव्य यांची यादी मागवली की मराठीतलं बरंच हाती लागतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक जरा मोठ्या वाचकांना फार आवडतात आणि रद्दीच्या दुकानात बऱ्याचदा मिळून जातात.

आता देणगीची पुस्तकं. ‘मुलांसाठी पुस्तकं द्या’ एवढंच आवाहन केलंत तर गाइडं, जुनी पाठ्यपुस्तकं, स्पर्धा परीक्षांचे संच आणि लग्नात भेट आलेले ग्रंथ पोत्याने येतील. शंभरांत दहा कामाची निघाली तरी नशीब समजा. आवाहनातच लिहा: मराठी किंवा हिंदी, बारा वर्षांच्या आतल्यांसाठी, चित्रं असलेली, पानं पूर्ण असलेली. आणि देणाऱ्याला आधीच सांगा की न चालणारी पुस्तकं रद्दीत घालून त्या पैशात नवी आणू. हे नंतर कळलं की माणूस दुखावतो.

पुस्तकांची पातळी ठरवताना इयत्ता विसरा. मराठीत वाचायला शिकणारं मूल जोडाक्षरांपाशी अडतं. पहिला गट बिनजोडाक्षरी, दुसऱ्यात पानाला एक-दोन जोडाक्षरं, तिसऱ्यात मोकळी भाषा पण छोटे परिच्छेद, चौथा सलग मजकुराचा. प्रत्येक गटाला एक रंग द्या आणि गोल स्टिकर मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात, पारदर्शक कव्हरच्या आत लावा. बाहेर लावला तर आठवड्यात खरवडला जातो. कव्हर पारदर्शकच हवं. खाकी कागद चढवला की पुस्तकाचा चेहराच गेला. हा रंग आपल्या सोयीसाठी आहे, मुलाला ‘तुझा रंग हिरवा’ असं कधीही सांगू नका. सातवीतला मुलगा चार ओळींचं चित्रपुस्तक उचलत असेल तर उचलू द्या. तो बहुधा कुणाचंही लक्ष नसताना वाचायला शिकतोय.

वस्तीत कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी घरं असतील तर त्या भाषांतली पाच-सहा पुस्तकं ठेवा. दुकानात मिळाली नाहीत तर प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी छापता येतात. त्यांचा परवाना सीसी बाय आहे, म्हणजे श्रेय दिलं की छापायला, वाटायला मोकळीक. श्रेयाचं शेवटचं पान कागद वाचवायला गाळू नका. ए-फोर कागद आडवा धरून दोन्ही बाजूंनी छापायचा, मधे दुमडायचा. पानांची संख्या चारच्या पटीत बसवायची, नाहीतर कुठेतरी कोरी पानं येतात. अहिराणी, गोरमाटी किंवा पारधी भाषेतलं छापील मिळणं कठीण. तिथे मुलांकडून आजीची गोष्ट लिहून घ्या, आठ पानांचं पुस्तक करा, क्रमांक टाकून पेटीत ठेवा. अशी पुस्तकं सर्वांत आधी झिजतात.

बाजारात असलेलं पुस्तक अख्खं झेरॉक्स करून ठेवणं मात्र बेकायदा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, मोजणी पुढच्या जानेवारीपासून. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांनी लिहिलेलं १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुलं झालं. नव्या आवृत्तीतली चित्रं आणि प्रस्तावना त्यात धरू नका.

एक संध्याकाळ

दीड तासाची ढोबळ विभागणी: पहिली पंचवीस मिनिटं मोकळी, हवं ते उचला, पालथे पडा, दोघांत एक वाचा. मग पंधरा-वीस मिनिटं एक पुस्तक सगळ्यांना वाचून दाखवायचं. त्यानंतर चित्र, नाटुकलं, कोडं, काहीतरी. शेवटची वीस मिनिटं घरी न्यायच्या पुस्तकांची. घड्याळ लावून ही वेळ पाळू नका, पण वाचून दाखवणं कधी चुकवू नका. एवढं एक जरी नीट जमलं तरी वाचनालय चालतं.

वाचून दाखवायचं पुस्तक आदल्या दिवशी दोनदा मोठ्याने वाचा. कुठे थांबायचं, कुठे पान उलटण्याआधी श्वास घ्यायचा, हे तेव्हाच ठरतं. मुलं अर्धगोलात, तुम्ही खाली बसलेले, पाठीमागे खिडकी नको; उजेड तुमच्या पाठीमागून आला तर मुलांना चित्राची नुसती सावली दिसते. पुस्तक खांद्याशेजारी धरा, पानं खालून धरा म्हणजे बोटं चित्रावर येत नाहीत. शीर्षक, लेखक, चित्रकार ही तिन्ही नावं वाचा. चित्रकाराचं नाव दरवेळी घेतलं की दोन महिन्यांत मुलं ‘हे त्याच चित्रवाल्याचं’ म्हणून पुस्तकं ओळखू लागतात.

मधे बोलणं होणारच, होऊ द्या. समजा पानावर छपरावर चढलेली शेळी आहे.

‘ताई, पडल ती.’

‘तुला का रे असं वाटलं?’

‘कौलं फुटलीत ना. हे बघा, पायाखाली.’

‘आमच्या घरावर बी चढलेली. आजीनं चपला मारल्या.’

इथे गोष्टीकडे ओढून आणायची घाई करू नका. पहिल्याने चित्रातला पुरावा दाखवला, दुसऱ्याने स्वतःचं घर गोष्टीला जोडलं. वाचन याहून वेगळं काही नसतं. आजीच्या चपलांवर दोन मिनिटं गेली तरी चालतील. मग ‘बघू या पडते का’ म्हणून पान उलटा.

सगळा खेळ बिघडवणारा प्रश्न एकच: ‘मग या गोष्टीतून आपण काय शिकलो?’ तो विचारला की मुलं पाठ ताठ करतात आणि ‘खोटं बोलू नये’ म्हणतात, गोष्ट कशाचीही असो. त्याऐवजी ‘तुला कुठलं पान आठवतंय?’, ‘तू असतास तर?’, ‘हे असं का काढलं असेल चित्र?’ असं विचारा. उत्तर नाही आलं तर मनात दहा आकडे मोजा. नवख्या माणसाला ती शांतता सहन होत नाही, तो तिसऱ्या आकड्याला स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

हातकाम चार संध्याकाळींतून एकदाच, नाहीतर पुस्तकं मागे पडून छंदवर्ग होतो. एक खात्रीचं काम, टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांमुळे माहीत झालेलं: आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. तीस मुलांचे तिघा-तिघांचे दहा गट, दर गटाला ट्यूबचे दीड सेंटिमीटरचे बारा तुकडे. एकूण दोन मीटर ट्यूब घेतली की पुरते. काड्यांची गुलं आधी मोठ्यांनी खरवडून टाकायची. तुकड्यात दोन्ही बाजूंनी काडी घालून चौकोन करा, दाबला की तो कलतो. त्रिकोण करा, तो हलत नाही. का, ते सांगून टाकू नका. बाहेर विजेचा मनोरा किंवा पत्र्याच्या छपराखालची कैची, म्हणजे त्रिकोणी सांगाडा, दाखवा आणि शेजारी पुलांचं पुस्तक उघडं ठेवा. गुप्तांची खेळणी आणि पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही फुकट आहेत.

घरी नेणं

पहिल्याच आठवड्यापासून पुस्तक घरी द्या. ‘आधी सवय लागू दे, मग देऊ’ म्हणणारी वाचनालयं पेटीला कुलूप लावूनच संपतात. प्रत्येक मुलाचं एक कार्ड, त्यावर फक्त पुस्तकाचा क्रमांक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. एका वेळी एक पुस्तक, एक आठवडा. नोंद मुलांनाच करू द्या. दर महिन्याला दोघं ग्रंथपाल, एक मोठा, एक लहान.

दंड नाही, अनामत नाही. दंड लावला की ज्याचं पुस्तक पाण्यात पडलं तो पुस्तक आणत नाही आणि स्वतःही येत नाही. तुम्ही पुस्तकही गमावता आणि पोरही. वर्षाला दहांतलं एक पुस्तक जाणार असं धरून पैसे बाजूला ठेवा. तीन आठवडे पुस्तक आलं नाही तर संध्याकाळी घरावरून चक्कर मारा, पण मागायला म्हणून नव्हे. बहुतेक वेळा ते शेजारच्या घरी वाचलं जात असतं.

फाटलेलं शिवणं

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. वर्षात ती पिवळी पडते, तिचा चिकटा पाझरून दोन पानं जुळतात. पातळ पारदर्शक कागदाची बोटभर पट्टी आणि मैद्याची खळ पुरते. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, किडा लागू नये म्हणून. ते विषारी आहे, मुलांच्या पुस्तकात नको.

पातळ पुस्तकांची पिन गंजते आणि मधली पानं सुटतात. पिना काढा. पुस्तक मधल्या पानावर उघडून घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा: एक मधे, दोन टोकांपासून दोन बोटं आत. पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट लांबीचा जाड दोरा घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, दोऱ्याचं चार बोटं टोक आतच सोडा. बाहेरून वरच्या भोकातून आत, आतून थेट खालच्या भोकातून बाहेर, मग बाहेरून मधल्या भोकातून परत आत. आता दोन्ही टोकं आत आहेत आणि त्यांच्यामध्ये वरून खाली गेलेला लांब दोरा आहे. एक टोक त्याच्या डावीकडे, एक उजवीकडे घेऊन त्याच्यावरच गाठ मारा. टोकं एकाच बाजूला राहिली तर गाठ सरकते आणि शिवण सैल पडते. दहा वर्षांची मुलं हे दोनदा बघून शिकतात, दाभण तेवढं तुमच्या हातात ठेवा.

सुरक्षितता

यात सूट नाही. मुलांसोबत दोन मोठी माणसं कायम. एकटा माणूस आला तर त्या दिवशी वाचनालय उघड्या ओट्यावर भरवा किंवा बंद ठेवा. नव्या कार्यकर्त्याची पोलीस पडताळणी करून घ्या. पालकांची लेखी परवानगी नसताना चेहऱ्यांचे फोटो नकोत, आणि देणगीदारासाठी मुलांना ओळीत उभं करणं तर कधीच नको. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, ‘आपण कशाला मधे पडा’ ही सोय कायद्याने ठेवलेली नाही. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा (चाइल्ड हेल्पलाइन) क्रमांक १०९८ पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवा.

बिघडतं कुठे

तिसऱ्या महिन्यात एखादी आई येऊन म्हणते, ‘ताई, गोष्टी ठीक आहेत हो, पण तेवढा गृहपाठ घ्या ना.’ मागणी रास्त असते, तिला झिडकारू नका. पण त्याच संध्याकाळी गृहपाठ घेतलात तर दोन आठवड्यांत सतरंजीवर फक्त वह्या दिसतील. माणसं असतील तर गृहपाठाला वेगळा वार ठेवा, नसतील तर स्पष्ट नाही म्हणा. पालकांना महिन्यातून एकदा मुलांनी वाचून दाखवलेलं ऐकायला बोलवा, ही मागणी निम्म्याने कमी होते.

दुसरं, कार्यकर्ते गळतात. पाच जणांनी सुरू केलेलं काम दिवाळीनंतर दोघांवर येतं. म्हणून आठवड्यातून दोनच संध्याकाळी. चार ठरवून दोन बुडवण्यापेक्षा दोन ठरवून दोन्ही भरवा. दोनदा दार बंद दिसलं की मुलं तिसऱ्यांदा येत नाहीत. निघताना दहा मिनिटं वहीत लिहा: कोण आलं, कोणी काय उचललं, कुठलं पुस्तक उघडून परत ठेवलं. पुढची खरेदी याच वहीतून होते.

तिसरं ऊसतोडीच्या भागातलं. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालन्याकडच्या वस्त्या रिकाम्या होतात आणि मुलं आईबापांबरोबर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात, ती उन्हाळ्यातच परततात. वीटभट्टीवर जाणाऱ्यांचंही तेच. निघायच्या आदल्या आठवड्यात प्रत्येकाला तीन पुस्तकांची पुरचुंडी द्या: एक सोपं, एक जरा लांब, एक कोऱ्या पानांचं, पेन्सिलीसकट. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून द्या, कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, पाऊस नसला तरी दव असतं. कार्डावर तारीख टाका आणि समोर ‘तोडीला’ असं लिहा. मे महिन्यात मूल परत येईल तेव्हा तिन्ही पुस्तकं आली नाहीत तरी नवं कार्ड करू नका. जुनंच काढा आणि खालच्या ओळीवर पुढची नोंद करा.